नोंदवहीची साक्ष : हॅरिसनचे सागरी घड्याळ आणि यशाचे मोजमाप

१

एखादी नवी वस्तू निर्माण झाली व लोकांच्या हाती पडली, की ती यशस्वी झाली काय, हा प्रश्न उपस्थित होतो. संगणकाच्या साह्याने चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक रीत आता रूढ झाली आहे. यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीची वेळेसह आपोआप नोंद करून ठेवते. त्या नोंदींस 'लॉग' असे म्हणतात. आणि त्यांची मोजदाद करून वस्तूच्या यशापयशाचा निर्णय दिला जातो. ही रीत संगणकाबरोबरच जन्मास आली असावी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः नव्या वस्तूची परीक्षा नोंदवहीवरून करण्याचा एक फार मोठा प्रयोग अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये झाला. त्यात वीस हजार पौंडांचे पारितोषिक, खलाशांचे प्राण आणि एका कारागिराची उभी हयात पणास लागली होती. जॉन हॅरिसन (१६९३–१७७६) ह्याने तयार केलेले सागरी घड्याळ ही ती वस्तू होय.

हॅरिसनची कथा अनेकांनी सांगितली आहे. तीत बहुधा एकाकी कारागीर हा नायक आणि विद्वान ज्योतिषी हा खलनायक असतो. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. त्या घड्याळाच्या ज्या नोंदी झाल्या त्या कोणी केल्या, कशा वाचल्या आणि एकाच नोंदीवरून दोन विरुद्ध निष्कर्ष कसे निघाले, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. ह्या विचारातून जे हाती येते ते थोडक्यात असे : नोंदी कितीही काटेकोर असोत, यश म्हणजे काय आणि नोंदीतून कोणती वजावट करावयाची, हे नोंदी हाती येण्यापूर्वी ठरलेले नसेल, तर त्या नोंदी दोन्ही पक्षांच्या साक्षीदार होतात.

२

प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे आरंभ शब्दापासून करणे क्षम्य ठरावे. इंग्रजीत 'लॉग' ह्या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका असा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी लाकडाची एक फळी दोरीस बांधून पाण्यात टाकीत. फळी पाण्यात जवळजवळ स्थिर राही, जहाज पुढे जाई आणि दोरी सुटत जाई. दोरीस ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सुटल्या, तितका जहाजाचा वेग. पुढे रूढ झालेल्या प्रमाणानुसार वाळूचे घड्याळ २८ सेकंदांचे व गाठींमधील अंतर ४७ फूट ३ इंच असे. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्ये, सांगतात तो ह्यामुळेच.

ह्या फळीवरून मिळालेला वेग, होकायंत्रावरून मिळालेली दिशा आणि वाऱ्याची स्थिती ही प्रथम एका पाटीवर खडूने लिहीत व मग वहीत उतरवून घेत. ती वही 'लॉगबुक' झाली. पुढे वहीलाच 'लॉग' म्हणू लागले. आणि विसाव्या शतकात संगणकाच्या नोंदींस हेच नाव मिळाले. लाकूड गेले, दोरी गेली, समुद्रही गेला. शब्द मात्र उरला. अर्थविस्ताराचे हे एक सुरेख उदाहरण आहे.

आपल्याकडील हिशेबाच्या परिभाषेत सांगावयाचे तर लॉग ही रोजकीर्द होय, खतावणी नव्हे. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने उतरतात. त्यांतील कोणती रक्कम कोणत्या खात्यावर घालावयाची, हे खतावणी करणारा ठरवितो. रोजकीर्द प्रामाणिक असूनही खतावणी वादग्रस्त असू शकते. हॅरिसनच्या घड्याळाचा सारा वाद हा खतावणीचा वाद होता.

३

वेग, दिशा व काल ह्यांवरून जहाजाचे स्थान अजमासाने काढण्याची रीत सदोष होती. प्रवाहाने जहाज बाजूस वाहत गेले, तर फळीस ते कळत नसे. अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढता येई. रेखांशास मात्र असा आधार नव्हता. ऑक्टोबर १७०७ मध्ये ॲडमिरल क्लाउड्स्ली शॉव्हेल ह्याच्या आरमारातील चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आपटून बुडाली आणि हजाराहून अधिक माणसे मृत्यू पावली. ही दुर्घटना रेखांशाच्या अज्ञानामुळे घडली, असे दीर्घकाळ सांगितले जाई. परंतु बचावलेल्या जहाजांच्या नोंदवह्यांचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील अक्षांशांतही मोठी तफावत असल्याचे दिसून आले. नोंदवही अडीच शतके कपाटात होती. तिला योग्य प्रश्न विचारला गेला नव्हता, इतकेच.

इ. स. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने रेखांशाचा कायदा केला. रेखांश एका अंशाच्या आत दाखविणाऱ्या पद्धतीस १०,००० पौंड, दोन तृतीयांश अंशाच्या आत दाखविणाऱ्या पद्धतीस १५,००० पौंड आणि अर्ध्या अंशाच्या आत दाखविणाऱ्या पद्धतीस २०,००० पौंड द्यावयाचे असे ठरले. परीक्षा वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रत्यक्ष सफरीत व्हावयाची होती. निर्णय देण्यासाठी आयुक्तांचे एक मंडळ नेमण्यात आले.

मोजमापाच्या दृष्टीने हा कायदा असामान्य म्हटला पाहिजे. वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वीच तिच्या यशाची व्याख्या अंकांत केलेली होती. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एक अंशास चार मिनिटे लागतात. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. सुमारे सहा आठवड्यांच्या सफरीत घड्याळाने दोन मिनिटांहून अधिक चूक करावयाची नाही. दिवसास तीन सेकंदही नाही. परंतु त्याच कायद्यात आणखी एक अट होती. पद्धती समुद्रावर 'व्यवहार्य व उपयुक्त' ठरली पाहिजे. ह्या दोन विशेषणांस अंक जोडलेला नव्हता. वादाचे बीज येथेच पडले.

४

यॉर्कशायरमध्ये जन्मलेला व सुतारकाम करीत घड्याळे बनविण्यास शिकलेला हॅरिसन आपले पहिले सागरी घड्याळ घेऊन १७३६ मध्ये लिस्बनला जाऊन आला. परतीच्या वाटेवर इंग्लंडचा किनारा दिसला, तेव्हा जहाजाच्या गणितानुसार तो 'स्टार्ट' नावाच्या भूशिराचा भाग ठरत होता. हॅरिसनने आपल्या घड्याळावरून तो 'लिझर्ड' असल्याचे सांगितले, आणि ते खरे ठरले. जहाजाचा मास्टर रॉजर विल्स ह्याने तसे प्रमाणपत्रही लिहून दिले. येथे एक मौज ध्यानात घेण्यासारखी आहे : नव्या वस्तूची स्पर्धा जुन्या लॉगशी होती, आणि तिच्या विजयाची साक्षही त्याच लॉगमध्ये उतरत होती.

ह्यानंतर तेवीस वर्षे गेली. १७५९ मध्ये हॅरिसनचे चौथे घड्याळ पुरे झाले. आधीची तीन अवजड यंत्रे होती. हे मोठ्या खिशातील घड्याळासारखे, सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचे होते. नोव्हेंबर १७६१ मध्ये हॅरिसनचा मुलगा विल्यम ते घेऊन 'डेप्टफर्ड' ह्या जहाजातून जमैकाकडे निघाला. मदीराजवळ जहाजाचे गणित आणि घड्याळ ह्यांच्या रेखांशांत सुमारे दीड अंशाचा फरक पडला. विल्यमने बेट केव्हा दिसेल ते सांगितले, आणि त्याप्रमाणे ते दिसले. जानेवारी १७६२ मध्ये जमैकास पोहोचल्यावर निरीक्षणे झाली. एक्याऐंशी दिवसांत घड्याळाची चूक केवळ ५ सेकंद भरली.

हा पाच सेकंदांचा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. पण तो कसा निघाला हे पाहणे आवश्यक आहे. घड्याळ निघण्यापूर्वी तपासले असता दररोज सुमारे २ २/३ सेकंद मागे पडत होते. ८१ दिवसांत ह्या हिशेबाने २१६ सेकंद मागे पडणे अपेक्षितच होते. ही अपेक्षित रक्कम वजा केल्यावर ५ सेकंद उरले. वजावट केली नाही, तर चूक साडेतीन मिनिटांहून अधिक, म्हणजे अर्ध्या अंशाच्या मर्यादेबाहेरची. वजावट केली तर संपूर्ण पारितोषिक. न केली तर फार तर तिसऱ्या प्रतीचे.

वजावट न्याय्य होती ह्यात शंका नाही. जे घड्याळ रोज नेमके तितकेच मागे पडते ते वाईट घड्याळ नव्हे. घड्याळाचा गुण चूक नसण्यात नसून चूक एकसारखी असण्यात असतो. परंतु मंडळाने आक्षेप घेतला की, ही दैनिक गती सफरीपूर्वी रीतसर घोषित केलेली नव्हती. शिवाय जमैकाचा रेखांशच पुरेशा अचूकपणे ठरलेला नाही, आणि एका सफरीतील यश हा योगायोगही असू शकेल. एक चूक दुसरीने भरून निघाली असेल. हॅरिसनच्या कैवाऱ्यांस हे सारे आडमुठेपणाचे वाटले. आजच्या संशोधकास मात्र ह्या तीनही आक्षेपांत तथ्य आढळेल : वजावट आधी सांगितलेली नाही, तुलनेचे प्रमाण स्वतःच अनिश्चित आहे, आणि उदाहरण एकच आहे.

५

दुसरी परीक्षा ह्या आक्षेपांस दिलेले उत्तर म्हणता येईल. बार्बाडोस बेटाचा रेखांश गुरूच्या उपग्रहांच्या निरीक्षणावरून ठरविण्यासाठी नेव्हिल मॅस्केलिन व चार्ल्स ग्रीन ह्या ज्योतिषांस आधीच तेथे पाठविण्यात आले. विल्यम हॅरिसनने निघण्यापूर्वी लेखी कळविले की, घड्याळ सरासरीने दररोज १ सेकंद पुढे जाईल. तपमानाप्रमाणे ह्यात किती फरक पडेल हेही त्याने सांगून ठेवले. २८ मार्च १७६४ रोजी 'टार्टर' हे जहाज निघाले व १३ मे रोजी बार्बाडोसला पोहोचले. घड्याळाची चूक ३९.२ सेकंद भरली. रेखांशात हे अंतर दहा कलांहूनही किंचित कमी. म्हणजे कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या एक तृतीयांश.

आकड्यांकडे पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. जमैकाची चूक ५ सेकंद आणि बार्बाडोसची ३९. तरीही पहिल्या सफरीने काही सिद्ध झाले नाही आणि दुसरीने झाले. आठपट मोठी चूक अधिक विश्वासार्ह ठरली, कारण तिची वजावट आधी कागदावर उतरलेली होती. फेब्रुवारी १७६५ मध्ये मंडळाने घड्याळाची अचूकता मान्य केली.

येथे कथा संपावयास हवी होती. परंतु त्याच कायद्यातील 'व्यवहार्य व उपयुक्त' हे शब्द आता पुढे आले. एक घड्याळ चालले. तसेच दुसरे कोणी बनवू शकेल काय? १७६५ च्या नव्या कायद्याने अट घातली की, हॅरिसनने रचना उघड करावी म्हणजे १०,००० पौंड पुरे केले जातील. उरलेली रक्कम तशी आणखी घड्याळे तयार झाल्यावर मिळेल. हॅरिसन बहात्तर वर्षांचा होता. हा प्रश्न अप्रस्तुत होता असे म्हणता येणार नाही. आरमारास एक घड्याळ नव्हे, शेकडो घड्याळे हवी होती. अन्याय झाला तो प्रश्नात नव्हे, तर तो विचारण्याच्या वेळेत. पीक घरात आल्यावर खंडाचा करार बदलावा, तसे हे झाले.

६

रचना उघड करण्यासाठी घड्याळ तज्ज्ञांपुढे खोलण्यात आले. पुढे ते ग्रिनिच वेधशाळेत पाठविले. तेथे राजज्योतिषी झालेल्या मॅस्केलिनने मे १७६६ पासून मार्च १७६७ पर्यंत त्याची दैनंदिन नोंद ठेवली. पेटीस दोन कुलपे होती : एक किल्ली वेधशाळेत, दुसरी ग्रिनिच रुग्णालयातील आरमारी अधिकाऱ्यांकडे. दोघे उपस्थित असल्याशिवाय किल्ली देता येत नसे. बाह्यतः ह्याहून निर्दोष नोंदवही कल्पिणे कठीण.

नोंदीत दिसले की, घड्याळ दररोज सुमारे १९–२० सेकंद पुढे जात आहे व ही गती बदलतही आहे. मॅस्केलिनने दहा महिन्यांच्या नोंदीचे सहा सहा आठवड्यांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा म्हणजे जणू वेस्ट इंडीजची एक सफर, असे मानून हिशेब केला. सहा आठवड्यांच्या सफरीत हे घड्याळ एका अंशाच्या आत रेखांश दाखवील असा भरवसा देता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष १७६७ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅरिसनने त्याच वर्षी पुस्तिका काढून उत्तर दिले. घड्याळ खोलून जोडल्यावर त्याची गती पुन्हा बसविलेली नव्हती. ती बदललेली असणारच. तपमापक एका ठिकाणी आणि घड्याळ दुसरीकडे, उन्हाच्या जागी. मग तपमानाची नोंद कशाची? आणि साक्षीस येणारे अधिकारी वृद्ध, टेकडी चढून दमलेले. त्यांची सही म्हणजे केवळ उपचार.

मॅस्केलिन स्वतः चांद्र-अंतरांवरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कर्ता होता. त्यामुळे त्याच्या हेतूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याने आकडे खोटे लिहिले, असे मानण्यास कारण नाही. त्याच्या नोंदी प्रामाणिक होत्या, हे गृहीत धरूनही प्रश्न शिल्लक राहतो. कारण येथेही जमैकाप्रमाणेच वजावटीचा नियम आधी ठरलेला नव्हता. ह्या खेपेस त्याचा तोटा हॅरिसनच्या वाट्यास आला. जमैकात नोंदीने हॅरिसनची बाजू घेतली, ग्रिनिचमध्ये मॅस्केलिनची. दोन्हीकडे नोंद खरी होती.

७

ह्यानंतरची साक्ष सागराने दिली. लार्कम केंडल ह्या कारागिराने हॅरिसनच्या घड्याळाची प्रतिकृती १७६९ मध्ये पुरी केली. कॅप्टन जेम्स कुक आपल्या दुसऱ्या सफरीवर (१७७२–७५) ती घेऊन गेला. जॉन अर्नल्ड ह्याने स्वतःच्या रचनेने केलेली, स्वस्त अशी तीन घड्याळेही बरोबर होती. पेटीस तीन कुलपे होती. किल्ल्या कप्तान, त्याचा पहिला दुय्यम अधिकारी आणि ज्योतिषी ह्यांच्याकडे. 'रेझोल्यूशन' जहाजावर विल्यम वेल्स ह्याने, आकाश निरभ्र मिळेल तेव्हा, चंद्राच्या वेधांवरून घड्याळ ताडून पाहिले. ह्या निरीक्षणांचा ग्रंथ १७७७ मध्ये छापला गेला. उष्ण कटिबंधापासून दक्षिण ध्रुववृत्तापलीकडील हिमप्रदेशापर्यंत केंडलचे घड्याळ चालत राहिले, आणि आरंभी साशंक असलेला कुक त्याच्यावर विसंबू लागला. विशेष हे की, ज्या चांद्र-पद्धतीस घड्याळाची प्रतिस्पर्धी मानले गेले होते, तीच येथे त्याची तपासनीस झाली. हॅरिसनला १७७३ मध्ये पार्लमेंटने ८,७५० पौंड दिले. कुक परतला तेव्हा तो जिवंत होता.

परंतु ह्या नोंदवहीनेही सर्व सांगितले नाही. तिच्यात अर्नल्डची घड्याळे अपयशी ठरली. तरीही पुढील वीस-पंचवीस वर्षांत कालमापक घड्याळे सुलभ व स्वस्त झाली ती अर्नल्ड व टॉमस अर्नशॉ ह्यांच्या रचनांमुळे. केंडलच्या प्रतिकृतीस ४५० पौंड पडले होते. इतक्या किमतीची वस्तू प्रत्येक जहाजास देणे शक्य नव्हते. त्या सफरीची नोंद जे यंत्र पेटीत होते त्याविषयी बोलली. त्यापासून काय होऊ शकेल ह्याविषयी ती मूक होती. १८३१ मध्ये निघालेल्या 'बीगल' जहाजावर २२ कालमापके होती. 'व्यवहार्य व उपयुक्त' ह्या विशेषणांचा निर्णय झाला तो असा, पसरलेल्या वापराने. मुंबईतही ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा स्थापिली, ती बंदरात येणाऱ्या जहाजांस अचूक वेळ पुरविण्याच्या गरजेतून. हॅरिसनच्या घड्याळाच्या यशाची मोजणी करावयाची, तर अशा वेधशाळांचीही गणना करावी लागेल. पण त्या कोणत्याही जहाजाच्या लॉगमध्ये सापडणार नाहीत.

आणखी एक उणीव स्पष्टच आहे. आपल्यापुढे ज्या नोंदवह्या आहेत त्या परत आलेल्या जहाजांच्या आहेत. बुडालेल्या जहाजाबरोबर त्याची वहीही जाते.

८

आजच्या लॉगचा आकार प्रचंड आहे. पण त्याची जात तीच आहे. किती जणांनी वस्तू उघडली, किती वेळ वापरली, पुन्हा किती जण आले, हे यंत्र लिहून ठेवते. वस्तू सोडून गेलेल्यांनी ती का सोडली, हे त्यात येत नाही. कोणती नोंद वगळावी, कोणता काळ धरावा, हे ठरविणारा बहुधा वस्तू निर्माण करणारा स्वतःच असतो. पेटीच्या सर्व किल्ल्या त्याच्याच कनवटीस असतात. आमच्या भाषाशास्त्रातही निराळे नाही. नव्या पारिभाषिक शब्दाचे यश तो किती वेळा छापला गेला ह्यावरून मोजावे, की तो न अडखळता किती जणांस समजतो ह्यावरून, हे आधी ठरविले नाही, तर शब्दसंग्रहातील तेच आकडे शब्द रुजला असेही सांगतात आणि रुजला नाही असेही सांगतात.

१७१४ चा कायदा करणाऱ्यांनी अर्धे काम उत्तम केले होते. अचूकतेची व्याख्या त्यांनी आधी केली, म्हणून बार्बाडोसचा निर्णय कोणास नाकारता आला नाही. उपयुक्ततेची व्याख्या त्यांनी केली नाही, म्हणून एका वृद्ध कारागिराची आणखी आठ वर्षे त्या शब्दाचा अर्थ ठरविण्यात गेली. नोंदींवरून निर्णय देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने विल्यम हॅरिसनचे १७६४ मधील टिपण डोळ्यांपुढे ठेवावे. जहाजाचा नांगर उचलला जाण्यापूर्वी त्याने लिहून दिले होते की, माझे घड्याळ रोज एक सेकंद पुढे जाईल. त्या एका वाक्याने पुढच्या सत्तेचाळीस दिवसांच्या नोंदीस अर्थ आला.